बजी घरी नेण्याआधी

बजी हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पोपट. शेपटीसकट जेमतेम १८ सेंटिमीटर, वजन ३० ते ४० ग्रॅम. पाऊस पडून गवताला बी धरलं की तिकडे यांचे थवेच्या थवे जातात, पाणवठ्यावर कधी हजारोंनी उतरतात. जॉन गुल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले. पुढे निळे, पिवळे, पांढरे रंग माणसाने पैदाशीतून मिळवले. रानातला बजी हिरवाच असतो. रंग बदलले, पण थव्याची ओढ तशीच राहिली.

म्हणून एकच पक्षी मागितलात तर आम्ही आधी विचारतो, दिवसभर घरात कोण असतं? सगळे कामाला जाणार असतील तर दोन घ्या. दोन नर सहसा गुण्यागोविंदाने राहतात. दोन माद्या लहान पिंजऱ्यात ठेवू नका, जागेवरून त्या कडाकडा भांडतात. नर-मादी नेत असाल आणि पिल्लं नको असतील, तर अंडी घालायचं मडकं पिंजऱ्यात टांगू नका. मोठ्या पक्ष्यात नराच्या नाकपुड्यांभोवतीचा भाग बहुधा निळा असतो, मादीचा तपकिरी. कपाळावर चोचीपर्यंत पट्टे असतील तर पक्षी अजून लहान आहे.

जोडी जमली की एकमेकांचं डोकं खाजवणं, चोचीत चोच घालून भरवणं सुरू होतं. झोपण्याआधी चोच घासल्याचा बारीक आवाज आला तर काळजी नको, पक्षी निवांत आहे. आरसा लावू नका. एकटा नर प्रतिबिंबालाच जोडीदार समजून भरवत बसतो. बोलायला शिकतात ते जास्त करून नर. कॅलिफोर्नियातल्या ‘पक’ नावाच्या बजीची १,७२८ शब्दांची नोंद गिनेस बुकात आहे. पण लवकर बोलावा म्हणून त्याला एकटं ठेवणं आम्हाला पटत नाही.

पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला जास्त घ्या, कारण बजी आडवा उडतो. राळा आणि बाजरी हा रोजचा दाणा. सोबत धुतलेली कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर द्या. समुद्रफेस (चोचीने कुरतडायला दिलं जाणारं, कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं कवच) कायम लावून ठेवा. अव्होकाडो आणि चॉकलेट कधीही नाही. पिंजरा स्वयंपाकघरात नको: तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या वाफेने हे पक्षी काही मिनिटांत दगावतात. डासांची कॉइल आणि अगरबत्तीही दूरच ठेवा.

आपला देशी पोपट पाळायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंदी आहे. बजी परदेशी असून पिंजऱ्यातच पैदास झालेला असल्याने त्याला ती लागू नाही.

शेवटचं, पण फार महत्त्वाचं. थव्यातला आजारी पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून बजी आजार शेवटपर्यंत लपवतो. पिसं फुगवून तळाशी बसला, दाणा सोडला किंवा श्वासासोबत शेपूट वरखाली होऊ लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. कुठे जायचं ठाऊक नसेल तर आम्हाला फोन करा, पत्ता सांगू.