सर्टिफिकेट म्हणजे नोकरीची हमी नव्हे

लातूर, नांदेड, परभणीकडे एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: आयटीचं सर्टिफिकेट हातात पडलं की पुण्यात नोकरी पक्की. त्यापायी सोयाबीनचे पैसे क्लासच्या फीमध्ये जातात, म्हणून हा खुलासा.

सर्टिफिकेट देते सिस्को किंवा अ‍ॅमेझॉनसारखी कंपनी. क्लास लावणं सक्तीचं नाही. सिस्कोची नेटवर्किंगची सीसीएनए परीक्षा ३०० डॉलरची, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची, म्हणजे एडब्ल्यूएसची, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा १५० डॉलरची. दोन्ही सर्टिफिकेटांची मुदत ३ वर्षं. क्लासवाल्याने मोठा आकडा सांगितला तर त्यात परीक्षा फी धरली आहे का, हे आधी विचारा.

मग पैसे वायाच का? तसंही नाही. एडब्ल्यूएसच्या पार्टनर कंपन्यांना ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, तिथे या कागदाला खरंच वजन आहे. नोकरीत असलेल्याला फायदा जास्त. नवख्याला फार तर मुलाखतीचा फोन येतो.

आणि मुलाखतीत विचारतात, ‘दोन स्विचवरच्या एकाच व्हीलॅनमधले पीसी पिंग होत नाहीत, कुठे बघशील?’ (स्विच म्हणजे पीसी एकमेकांना जोडणारं यंत्र, व्हीलॅन म्हणजे त्यावर पाडलेला नेटवर्कचा वेगळा गट, पिंग म्हणजे एका पीसीवरून दुसऱ्याला हाक देऊन उत्तर येतं का ते बघणं.) आयपी (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता) आणि सबनेट मास्क (त्या पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठला ते सांगणारा आकडा) बरोबर आहे का, पोर्ट त्याच व्हीलॅनमध्ये आहे का, ट्रंकवर, म्हणजे दोन स्विच जोडणाऱ्या लिंकवर, ती व्हीलॅन अलाउड आहे का, हे पॅकेट ट्रेसर या नेटवर्कच्या सरावाच्या सॉफ्टवेअरवर स्वतः जोडून-मोडून पाहिलेल्या पोराला लगेच सुचतं. ते सॉफ्टवेअर सिस्को फुकट देते. डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं, पाठ करून पास झालेला इथेच अडकतो. शिवाय पकडला गेला तर सर्टिफिकेटही रद्द होऊ शकतं.

आधी पॅकेट ट्रेसरवर हात बसू द्या, परीक्षेचे पैसे नंतर भरा.