चेल्टनहॅमची वाट वर्षभर का पाहतात

इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला होणाऱ्या घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतींची लोक वर्षभर वाट पाहतात आणि त्यामागचं एक कारण जरा रांगडं आहे: तिथे धावणारे बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात.

सपाट मैदानावरच्या शर्यतीत खरा पैसा पैदाशीत असतो. मोठी शर्यत जिंकलेला घोडा मालक फार काळ पळवत नाही. स्टड फार्मवर पाठवला की तो पळून मिळवला असता त्याच्या कितीतरी पट कमाई करून देतो. महालक्ष्मीला फेब्रुवारीत होणारी इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे एक घोडा तिथे आयुष्यात एकदाच उतरणार. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर वाढलेल्या माणसाला याचीच सवय असते. दर मोसमात नवी नावं पाठ करायची आणि जुनी विसरायची. अडथळ्यांच्या शर्यतीत हे गणित उलटं आहे. घोडा उडीत मुरतो तो सहा-सात वर्षांचा झाल्यावर आणि दहा-अकरापर्यंत पळतो. पैदाशीसाठी त्याचा उपयोग नाही, मग घरी बसवून करायचं काय? तो दर हिवाळ्यात परत येतो. पडलेला उठून परत येतो, हरलेला उट्टं काढायला परत येतो. त्यामुळे लोकांना ओढ लागते ती ओळखीच्या घोड्यांची, आणि त्या सगळ्यांचा हिशेब मार्चमधल्या चार दिवसांत चुकता होतो.

हे चार दिवस म्हणजे चेल्टनहॅमचा महोत्सव: मंगळवार ते शुक्रवार, अठ्ठावीस शर्यती. जागा इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधली, क्लीव्ह हिलच्या पायथ्याशी असलेलं प्रेस्टबरी पार्क. अडथळे दोन प्रकारचे. हर्डल साडेतीन फुटांचं आणि धक्का लागला तर कलणारं. फेन्स किमान साडेचार फुटांची, बर्चच्या काटक्या गच्च बांधून केलेली, ती घोड्याची चूक सहसा माफ करत नाही. शुक्रवारचा गोल्ड कप, म्हणजे महोत्सवातली सर्वांत मानाची शर्यत, सुमारे ५.३ किलोमीटरचा, बावीस फेन्सचा. शेवटची फेन्स ओलांडल्यावर पुढे चढण लागते. जिंकलाच म्हणून ज्याच्या नावाने ओरडावं तो त्या चढणीवर दम सोडतो आणि मागून कोणीतरी येतं. चेल्टनहॅमचे निम्मे किस्से या चढणीवरचे आहेत.

अडथळ्यांच्या शर्यतींचा उगम सांगताना सगळे १७५२ सालापाशी जातात. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात कॉर्नेलियस ओ'कॅलहन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी पैज लावली: बटेव्हंटच्या चर्चच्या मनोऱ्यापासून डोनरेलच्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, मधे जे येईल ते ओलांडत, साडेचार मैल. मनोरा लांबून दिसतो म्हणून वाट चुकायची भीती नाही. बाकी कुंपणं, ओढे, दगडी बांध हे ज्याचं त्याने बघायचं. शिकारीचे घोडे बाळगणाऱ्या जमीनदारांचा हा खेळ बराच काळ असाच, शेतातून आणि बांधावरून चालला.

चेल्टनहॅम तेव्हा वेगळ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध होत होतं. १७१६ मध्ये तिथे खनिज पाण्याचा झरा सापडला, १७८८ मध्ये राजा तिसरा जॉर्ज पाणी प्यायला येऊन राहिला आणि खेड्याचं झकपक शहर झालं. या शहराचा आपल्याशी एक धागा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतून निवृत्त झालेले साहेब लोक इथे घरं घेऊन राहायचे. हिंदुस्थानच्या हवेने बिघडलेलं यकृत इथल्या पाण्याने ताळ्यावर येतं, अशी त्यांची समजूत होती. पेन्शन भरपूर, दिवस रिकामे, घोड्यांची सवय मुरलेली. अशा वस्तीत शर्यती रुजल्या नसत्या तरच नवल.

१८१८ मध्ये क्लीव्ह हिलवर शर्यती सुरू झाल्या. १८१९ मध्ये गोल्ड कप नावाची शर्यतही झाली, पण ती सपाट मैदानावरची. काही वर्षांत गर्दी हजारोंनी वाढली आणि गर्दीबरोबर दारू, जुगाराचे तंबू, खिसेकापू असा सगळा बाजार आला. मग आले रेव्हरंड फ्रान्सिस क्लोज. त्यांनी १८२७ मध्ये शर्यतींविरुद्ध दिलेलं प्रवचन गाजलं. त्यांचे अनुयायी मात्र नुसतं ऐकून थांबले नाहीत. १८२९ च्या शर्यतींत घोड्यांवर आणि जॉकींवर दगड-बाटल्या पडल्या आणि १८३० मध्ये प्रेक्षकांचा स्टँडच जळून खाक झाला. आयोजकांनी पुढच्या वर्षी डोंगर सोडला आणि शर्यती खाली प्रेस्टबरी पार्कात आणल्या. क्लोजसाहेबांच्या नावाची शाळा आजही चेल्टनहॅममध्ये आहे, आणि शर्यतीही आहेत. गावाने दोघांनाही सांभाळून घेतलं.

सपाट शर्यतींचा जोर ओसरला तशी स्टीपलचेसने, म्हणजे चर्चच्या मनोऱ्यावरून (स्टीपल) नाव पडलेल्या अडथळ्यांच्या शर्यतीने, जागा घेतली. १८३४ मध्ये शेजारच्या अँडोव्हर्सफर्डला ग्रँड अॅन्युअल सुरू झाली. आजही चेल्टनहॅमच्या कार्यक्रमात असलेली ही शर्यत या प्रकारातली सर्वांत जुनी मानतात. पण महोत्सव म्हणून जे ओळखलं जातं त्याचं बीज दुसरीकडचं आहे. १८६० मध्ये मार्केट हार्बरो इथे नॅशनल हंट चेस ही हौशी स्वारांची शर्यत झाली आणि पुढची पन्नास वर्षं तो सगळा मेळावा गावोगाव फिरत राहिला. १९०४ आणि १९०५ मध्ये चेल्टनहॅमला आला, मग वॉरविकला गेला, आणि १९११ मध्ये परत आला तो कायमचा. या स्थैर्यामागे फ्रेडरिक कॅथकार्ट नावाचा माणूस होता. रेसकोर्सचा कारभार हाती घेतल्यावर त्यांनी स्टँड सुधारले, बक्षिसं वाढवली आणि १९२४ मध्ये गोल्ड कप उड्यांच्या शर्यतीच्या रूपात सुरू केला. पहिला विजेता रेड स्प्लॅश, बक्षीस ६८५ पौंड. त्या काळी या कपाला कोणी फारसं मोजत नव्हतं. लिव्हरपूलच्या ग्रँड नॅशनल या गाजलेल्या अडथळ्यांच्या शर्यतीआधीची रंगीत तालीम, एवढीच त्याची किंमत. १९२७ मध्ये हर्डलसाठी चॅम्पियन हर्डल आली आणि सांगाडा पुरा झाला.

सांगाड्यात जीव आणला गोल्डन मिलरने. १९३२ ते १९३६ असे सलग पाच गोल्ड कप त्याने जिंकले आणि १९३४ मध्ये त्याच मोसमात ग्रँड नॅशनलही मारली. एकाच वर्षी दोन्ही जिंकणारा दुसरा घोडा अजून झालेला नाही. १९३७ मध्ये तो सहाव्यांदा आला असता, पण खराब हवामानामुळे शर्यतच झाली नाही. तोवर लोकांच्या लक्षात आलं होतं की गोल्ड कपला चांगला घोडा जिंकतो, नशीबवान नव्हे. ग्रँड नॅशनलमध्ये हॅंडिकॅप असतो, म्हणजे जो चांगला त्याच्या पाठीवर जास्त वजन. गोल्ड कपला बहुतेक सगळे समान वजनाने धावतात. तालमीचं नाटक झालं ते असं.

महायुद्धानंतर आयरिश आले. कॉर्क परगण्यातल्या चर्चटाउनचे, म्हणजे त्या बटेव्हंटच्या शेजारचेच, ट्रेनर व्हिन्सेंट ओ'ब्रायन यांनी कॉटेज रेक या घोड्याकडून १९४८ ते १९५० असे तीन गोल्ड कप आणि हॅटन्स ग्रेसकडून १९४९ ते १९५१ अशा तीन चॅम्पियन हर्डल जिंकून घेतल्या. १९४९ मध्ये त्यांनी घोडे चक्क विमानाने इंग्लंडला नेले. मागोमाग आयरिश शेतकरी, घोड्यांचे व्यापारी आणि पाद्रीसुद्धा बोटी भरभरून येऊ लागले. क्लोजसाहेबांनी हे पाद्री पाहिले असते तर काय म्हणाले असते, हा विचार मला नेहमी गंमत देऊन जातो. सेंट पॅट्रिकचा सण १७ मार्चला असतो, तो याच सुमारास पडतो. आता तर गुरुवारच त्याच्या नावाने ओळखला जातो.

वाट पाहणं म्हणजे काय ते १९६३-६४ च्या हिवाळ्यात दिसलं. मिल हाउस हा धिप्पाड घोडा १९६३ चा गोल्ड कप जिंकून बसला होता आणि इंग्रजांना वाटत होतं की आता पुढची काही वर्षं आपलीच. नोव्हेंबरमध्ये न्यूबरीच्या हेनेसी शर्यतीत त्याने आयर्लंडच्या आर्कलला हरवलं. आयरिश मंडळी म्हणाली, आमच्या घोड्याचा पाय उडीनंतर घसरला. इंग्रज म्हणाले, हरणारे असंच म्हणतात. हा वाद चार महिने चालला. ७ मार्च १९६४ रोजी गोल्ड कपला चारच घोडे उतरले, त्यातल्या दोघांकडेच सगळ्यांचं लक्ष. मिल हाउस पुढे, आर्कल मागे दबा धरून. जॉकी पॅट टाफे याने शेवटून दुसऱ्या फेन्सच्या सुमारास आर्कलला पुढे सोडलं आणि चढणीवर अंतर वाढतच गेलं. पाच लांब्यांनी, म्हणजे पाच घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने, विजय. १९६५ आणि १९६६ चे गोल्ड कपही त्याचेच. आयर्लंडच्या शर्यत अधिकाऱ्यांना तर त्याच्यासाठी नियम बदलावा लागला: हॅंडिकॅपमध्ये वजनांच्या दोन याद्या, एक आर्कल धावला तर आणि एक तो नसला तर. त्याचा सांगाडा किल्डेअरच्या नॅशनल स्टडमधल्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतो.

याच वर्षांत हे रेसकोर्स बिल्डरांच्या घशात जायची वेळ आली होती. जॉनी हेंडरसन यांच्या पुढाकाराने शर्यतप्रेमींनी पैसे उभे केले आणि १९६४ मध्ये ते विश्वस्त संस्थेच्या ताब्यात आलं. त्यांचे चिरंजीव निकी हेंडरसन पुढे याच मैदानावरचे मातब्बर ट्रेनर झाले.

१९८६ च्या गोल्ड कपबद्दल थोडं सावकाश बोललं पाहिजे. डॉन रन ही घोडी १९८४ ची चॅम्पियन हर्डल जिंकली होती, पण फेन्सवर तिचा अनुभव अगदीच थोडा. शेवटच्या फेन्सला ती तिसरी होती. चढणीवर वेवर्ड लॅड हा घोडा पुढे निघाला आणि डॉन रनचा जॉकी जॉन्जो ओ'नील तिला कडेकडेने हाकत राहिला. अखेरच्या काही ढांगांत तिने गाठलं आणि रेषा ओलांडली. नंतर लोकांचा लोंढा विजेत्यांच्या रिंगणात घुसला तो आवरेना. दोन्ही शर्यती जिंकणारी ती आजही एकमेव. तीन महिन्यांनी पॅरिसला ओतॉयच्या मैदानावर पडून ती मेली. तिचे ट्रेनर पॅडी मलिन्स. त्यांचे पुत्र विली मलिन्स यांनी २०२४ मध्ये महोत्सवातला शंभरावा विजय मिळवला.

हल्लीची उत्कंठा पद्धतशीर शिजवलेली असते. २६ डिसेंबरला केम्प्टनची किंग जॉर्ज चेस, फेब्रुवारीच्या सुरुवातीला लेपर्डस्टाउनला २०१८ पासून होणारा डब्लिनचा महोत्सव, आणि मग पबमधल्या चर्चेच्या रात्री, जिथे ट्रेनर-जॉकी आपल्या घोड्यांबद्दल निम्मं सांगतात आणि निम्मं झाकतात. पैजा तर मोसमाच्या आधीपासून लागतात. लवकर लावली तर भाव चांगला मिळतो, पण घोडा लंगडला किंवा दुसऱ्या शर्यतीला गेला तर पैसे बुडाले. मार्च जवळ आला की बुकी म्हणतात, घोडा धावला नाही तर पैसे परत. पण तोवर भाव उतरलेला असतो. २००५ पासून तीनऐवजी चार दिवस झाले. माझ्या मते तिथेच थोडं पातळ झालं, कारण शर्यती वाढल्या की दोन चांगल्या घोड्यांना एकमेकांना टाळायला वाट मिळते. तरी कॉटो स्टार आणि डेनमन यांनी कसर भरून काढली. एकाच तबेल्यातले हे शेजारी. २००७ चा गोल्ड कप कॉटो स्टारचा, २००८ चा डेनमनचा, २००९ चा पुन्हा कॉटो स्टारचा. हरलेला गोल्ड कप परत मिळवणारा कॉटो स्टार पहिलाच.

२००१ मध्ये गुरांच्या लाळ-खुरकतीच्या साथीने महोत्सव रद्द झाला. २०२० मध्ये व्हायला नको होता तेव्हा भरला: १० ते १३ मार्च, लॉकडाउनला दहा दिवस उरले असताना, आणि त्याची टीका अजून संपलेली नाही. २०२१ ला मैदान रिकामं होतं आणि त्याच रिकाम्या मैदानावर जॉकी रेचल ब्लॅकमोरने हनीसकल या घोडीवर चॅम्पियन हर्डल जिंकली, एकूण सहा शर्यती मारल्या. त्या वर्षी आयर्लंड विरुद्ध ब्रिटन हा विजयांचा हिशेब २३-५ असा लागला. पुढच्या वर्षी गोल्ड कपही तिचाच, या वेळी गच्च गर्दीसमोर. २०२२ ची ती गर्दी चार दिवसांत मिळून २ लाख ८० हजारांवर गेली होती. २०२५ मध्ये ती २ लाख १९ हजारांच्या आसपास उतरली. हॉटेलांचे दर बघून बरेच जण आता स्पेनमधल्या बेनिडॉर्मला जातात, उन्हात बसून टीव्हीवर शर्यती पाहतात आणि वर पैसे वाचवून येतात.

घोडे पडतात आणि मरतात, हा जुना प्रश्न आहेच. बैलगाडा शर्यतीवरची बंदी, कोर्टकचेऱ्या आणि २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहिलेल्या मराठी वाचकाला दोन्ही बाजूंचे मुद्दे वेगळे सांगायला नकोत. फरक इतकाच की तिकडे बदल बारीकसारीक होत गेले. हर्डलला गाद्या लागल्या. अडथळ्यांच्या कडेचा नारंगी रंग घोड्याला नीट दिसत नाही असं संशोधनातून कळल्यावर तो पांढरा करण्यात आला. मरण टळतं असं मात्र कोणी म्हणू शकत नाही आणि प्रामाणिक माणसं म्हणतही नाहीत.

सर्वांत ताजा बदल मुळावरच गेला. ज्या नॅशनल हंट चेसपासून हे सगळं सुरू झालं, ती हौशी स्वारांचीच राहील ही अट १८६० पासून टिकली होती. लांब पल्ला, थकलेले घोडे आणि कमी अनुभवी स्वार यांमुळे तिच्यावर टीका होत होती. २०२५ पासून ती व्यावसायिक जॉकींना खुली झाली आणि हॅंडिकॅप झाली. जुन्या मंडळींना हे रुचलेलं नाही. मला विचाराल तर पल्ला आणखी कमी करून हौशींनाच ठेवायला हवं होतं. व्यावसायिकांसाठी उरलेल्या शर्यती काय थोड्या होत्या?