समोरची खुर्ची आणि पडद्यापलीकडचा माणूस: दुरून समुपदेशनाची पार्श्वभूमी

समुपदेशकाच्या खोलीत जावं की व्हिडिओ कॉलवर भागवावं, हा प्रश्न घरोघरी ऐकू येऊ लागला तो २०२० च्या टाळेबंदीनंतर. पण दुरून मनाचे उपचार करण्याची धडपड त्याच्या किमान शंभर वर्षं आधीची आहे. या सगळ्या इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसते. दुरून केलेला उपचार टिकला तो बहुतेक वेळा रुग्णाच्या बाजूलाही कुणीतरी माणूस होता म्हणून. साधन पत्राचं होतं, फोनचं की कॅमेऱ्याचं, हे त्यामानाने दुय्यम.

सिग्मंड फ्रॉईडने १९०९ साली 'लहानगा हान्स' हे प्रकरण प्रसिद्ध केलं. घोड्यांना घाबरणाऱ्या या पाच वर्षांच्या मुलाचे उपचार मुख्यतः त्याच्या वडिलांच्या हातून झाले. वडील टिपणं पाठवत, फ्रॉईड मार्ग सुचवी. त्या काळात त्याने मुलाला स्वतः पाहिलं ते एकदाच. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ पासून मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. समोरासमोर कुणाला विचारायची सोय नव्हती असे लैंगिक प्रश्न वाचक त्यात पत्राने विचारत आणि त्यांना छापील उत्तरं मिळत. १९३४ साली त्या उत्तरांवरूनच खटला उभा राहिला आणि कोर्टात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत रुजवणारे कि. मो. फडके हेही मुंबई परिसरातून ती पद्धती घडवणाऱ्या अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत शिकले.

फोनने नाव न सांगण्याची सोय दिली. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वराह या धर्मगुरूने आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या माणसांसाठी फोनसेवा सुरू केली, तीच पुढे 'समॅरिटन्स' झाली. भारतात चेन्नईची 'स्नेहा' १९८६ सालची, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' २०१२ पासूनची. तिने फोनच्या जोडीला ईमेलही ठेवला. हेल्पलाइनचं काम आणीबाणीचा क्षण पार करून देण्याचं. सलग बारा-पंधरा बैठकांचा उपचार हे वेगळं काम. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग 'फोन करून काही फरक पडला नाही' म्हणतात.

चित्रासह उपचाराचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात झाला. ओमाहाच्या मनोरुग्ण संस्थेत १९५९ साली दुहेरी टीव्ही जोडणी वापरायला सुरुवात झाली आणि १९६४ साली ती ११२ मैलांवरच्या नॉरफोक इथल्या सरकारी मनोरुग्णालयाला जोडली गेली. तज्ज्ञ ओमाहात होते. रुग्णाला कॅमेऱ्यासमोर आणणारे, औषध देणारे, रात्री बघणारे कर्मचारी नॉरफोकलाच होते.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात २०१० साली निघालेली बस याचंच देशी रूप. चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेची ही बस गावोगाव जाई. एका भागात सल्ल्याची खोली आणि पडदा, दुसऱ्या भागात औषधांचं दुकान. मानसोपचारतज्ज्ञ चेन्नईतून बोलायचे, चिठ्ठी बसमध्ये निघायची, गोळ्या तिथेच हातात मिळायच्या. मधल्या दिवसांत घरी जाऊन गोळ्या घेतल्या की नाही ते बघणारे कार्यकर्ते त्याच भागातले होते. ही योजना चालली ती त्यांच्यामुळे, असं आमचं मत आहे.

स्वीडन, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियात मात्र वेगळी वाट निघाली: इंटरनेटवर धडे, गृहपाठ आणि आठवड्यातून एकदा उपचारकाचा लेखी प्रतिसाद. २०१८ साली पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २० अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा मार्गदर्शित इंटरनेट उपचारात आणि समोरासमोरच्या उपचारात जवळपास काहीच फरक निघाला नाही. हा निष्कर्ष जाहिरातींत फार सैल वापरला जातो. तो बोधात्मक वर्तनोपचारापुरता (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या 'सीबीटी' पद्धतीपुरता) आहे, त्यातले लोक स्वतःहून सहभागी झालेले आहेत आणि 'मार्गदर्शित' हा शब्द महत्त्वाचा आहे. मार्गदर्शक काढून घेतला की लोक अर्ध्यात सोडून जातात.

भारतात टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वं आली ती २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. ती नोंदणीकृत डॉक्टरांना लागू आहेत. काही औषधं कुठल्याही माध्यमातून लिहिता येतात, काहींसाठी पहिली भेट व्हिडिओवरच हवी, आणि अनुसूची 'एक्स' या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतली औषधं दुरून लिहिताच येत नाहीत. चंचल मुलांना दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट त्यातलंच, म्हणून त्या मुलांच्या पालकांना दवाखान्याची फेरी चुकत नाही. डॉक्टर नसलेले समुपदेशक या तत्त्वांत बसतच नाहीत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, पण 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावू शकत होता. ती मोकळीक आवळण्यासाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा आला. ऑनलाइन कुणाला गाठताना नोंदणी क्रमांक मागावा तो यासाठी.

प्रत्यक्ष बैठकीत पडद्यावर काय हरवतं? कॅमेरा वर आणि चेहरा खाली, त्यामुळे समुपदेशक तुमच्या डोळ्यांत बघतो तेव्हा तुम्हाला तो खाली बघतोय असं वाटतं. व्हिडिओची चौकट ओढून कॅमेऱ्याच्या अगदी खाली नेली की हे बरंचसं सुटतं. शांततेचं काय करायचं, हे अवघड. खोलीत अर्धा मिनिट गप्प राहिलेला माणूस विचार करतोय हे कळतं. पडद्यावर तो गप्प आहे की चित्र गोठलंय हेच कळत नाही, आणि समुपदेशक नको तिथे बोलून जातो. हलणारा पाय, लिथियम या औषधामुळे थरथरणारी बोटं, तोंडाला येणारा दारूचा वास हे चौकटीबाहेर राहतं.

घर हीसुद्धा अडचण असते. वन-बीएचकेत सासू पलीकडे बसलेली असताना सून काय बोलणार? लोक गाडीत, गच्चीवर, जिन्यात बसून बोलतात. अनुभवी समुपदेशक सुरुवातीला हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारतात: आता एकटे आहात का, कुणी ऐकतंय का? मग आज नेमके कुठे बसला आहात तो पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा फोन नंबर. हे दर बैठकीला विचारायचं, कारण माणूस गावी गेलेला असू शकतो आणि जिवावरचा प्रसंग आला तर मदत पाठवायची कुठे हे माहीत असायला हवं. कॉल तुटला तर कोण किती मिनिटांनी परत लावणार, हेही आधीच ठरवतात.

उलट बाजूही आहे. ज्या घरात येरवडा किंवा ठाणे ही नावं टोमण्यासारखी वापरली जातात, तिथला मुलगा मानसोपचाराच्या पाटीखालून आत शिरणार नाही. मोबाइलवर मात्र बोलेल. आपल्याकडच्या ओपीडीत रुग्णासोबत आई किंवा भाऊ बाकावर असतोच आणि डॉक्टर त्यांनाही विचारतात. ऑनलाइन ही माहिती आपोआप मिळत नाही, रुग्णाच्या संमतीने त्यांना वेगळं बोलवावं लागतं.

बाजारपेठेतल्या कंपन्यांनी रुग्णाच्या बाजूची ही माणसंच वगळली आणि वेगळे प्रश्न उभे राहिले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली बेटरहेल्प या कंपनीला ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याबद्दल ७८ लाख डॉलर द्यायला लावले. आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस'ची (१४४१६) रचना निदान कागदावर तरी जुना धडा लक्षात ठेवून केलेली दिसते: पहिल्या पायरीवर फोनवरचा समुपदेशक, आणि गरज पडल्यास पुढे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम किंवा वैद्यकीय महाविद्यालयातला डॉक्टर. ती दुसरी पायरी जिल्ह्यात जितकी भरलेली, तितकाच पहिल्या फोनचा उपयोग.

परदेशातल्या मराठी माणसाला मात्र मायभाषेतला समुपदेशक किंवा डॉक्टर हवा असला तरी भारताची २०२० ची तत्त्वं देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत, आणि अमेरिकेत रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तिथला परवाना उपचारकाकडे असावा लागतो.