१० लाखांची रेषा आणि सोलापूरचा किराणा

२०११ च्या जनगणनेत सोलापूर शहरात ९,५१,५५८ माणसं मोजली गेली. १० लाखांना ४८,४४२ कमी. पुढच्याच वर्षी केंद्राने अनेक ब्रँडचा माल एका छताखाली विकणाऱ्या किरकोळ दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणूक मोकळी केली आणि अट घातली, की अशी दुकानं १० लाखांवर वस्ती असलेल्या शहरांतच निघतील. वस्तीचा आकडा २०११ चा धरायचा. महाराष्ट्रात मुंबईपासून औरंगाबाद, नवी मुंबईपर्यंत १० शहरं या रेषेच्या वर होती. सोलापूर ११ वं.

म्हणजे कागदावर इथला किराणा वाचला होता. पण त्यानंतरच्या काही वर्षांत महिन्याची यादी घेऊन येणारं गिऱ्हाईक दुकानदाराच्या हातून गेलंच. ते नेलं सवलतीच्या मोठ्या दुकानांनी, आणि ती दुकानं परदेशी नव्हती.

शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. ‘स्वस्त दुकान’ म्हटलं की जुन्या सोलापूरकराला अजून रेशन आठवतं. पाटीवरही तेच लिहिलेलं असतं, ‘स्वस्त धान्य दुकान’. त्यापलीकडचा स्वस्त माल म्हणजे मंगल कार्यालयात चार दिवस लागणारा कपड्यांचा सेल, नाहीतर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर बसणारे ‘हर एक माल’वाले. स्वस्ताई एकतर सरकारी असायची, नाहीतर जत्रेपुरती. बाराही महिने, गार हवेत, ढकलगाडी घेऊन फिरत स्वस्त घ्यायचं, ही कल्पनाच इथे नवी.

इथल्या कापडगिरण्यांचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, तो उगाळत नाही. दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, गिरण्या बंद पडत गेल्या आणि शिकलेली पोरं पुण्याच्या गाडीत बसली. १९९२ ची हद्दवाढ होऊनही २००१ ते २०११ या १० वर्षांत शहर वाढलं जेमतेम ९ टक्के, ८,७२,४७८ वरून ९,५१,५५८. रेषेला कमी पडलेली ती ४८ हजार माणसं हडपसर, पिंपरी-चिंचवडला मोजली गेली असतील, असं मला नेहमी वाटतं. दुसरी गोष्ट, गिरणीचा महिन्याचा पगार गेला आणि पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी उरली. तिथे मजुरी नगावर, हजार विड्यांवर, आणि हातात येते आठवड्याच्या हिशेबाने. किराणा दुकानाची उधारीची वही याच आठवड्यावर चालते. दुसऱ्या हप्त्याला पहिली बाकी थोडी फेडायची, नवं सामान न्यायचं. अर्धा किलो साखर, तेलाचा छोटा पुडा, शाम्पूच्या दोन पुड्या. वहीत नावापुढे बहुतेक वेळा आडनाव नसतं. ‘मागची अक्का’, ‘कोपऱ्यावरचे अण्णा’ एवढ्यावर भागतं.

सवलतीच्या महादुकानांचा उगम अमेरिकेतला. तिथल्या तीन मोठ्या साखळ्यांनी आपलं पहिलं दुकान एकाच वर्षी, १९६२ मध्ये उघडलं. उत्पादकाने ठरवलेल्या किमतीखाली विकायला तिथल्या बऱ्याच राज्यांत कायद्याने बंदी घालता यायची. ती मुभा १९७५ मध्ये गेली आणि साखळ्यांना रान मोकळं झालं. रोजगारावरच्या परिणामाबद्दल तिथल्या अभ्यासकांत अजून एकमत नाही. एका अभ्यासात तालुक्याएवढ्या भागात असं दुकान आल्यावर किरकोळ विक्रीतल्या नोकऱ्या आधी थोड्या वाढलेल्या दिसल्या, मग पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या विरल्या. दुसऱ्या अभ्यासाचं म्हणणं असं, की तिथल्या दर एका नोकरीमागे बाहेरच्या १.४ नोकऱ्या जातात. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. सोलापुरातल्या मधल्या मारुतीजवळच्या दुकानात गल्ल्यावर बाप, मागे आई आणि शाळा सुटल्यावर पुड्या बांधायला पोरगा असतो. या तिघांपैकी कुणाला पगार नाही, त्यामुळे कुणाची नोकरी जात नाही. धंदा निम्म्यावर आला तरी तिघं तिथेच बसलेले दिसतात. कुठल्या तक्त्यात हे पडायचं?

आता त्या वादग्रस्त निर्णयाकडे. २४ नोव्हेंबर २०११ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ५१ टक्क्यांना मान्यता दिली, १ डिसेंबरला देशभर व्यापाऱ्यांनी बंद पाळला, ७ डिसेंबरला निर्णय स्थगित. १४ सप्टेंबर २०१२ ला तो परत आला. २० सप्टेंबरच्या भारत बंदला महाराष्ट्रात फार जोर चढला नाही, कारण आदल्याच दिवशी घरोघरी गणपती बसले होते. डिसेंबरात लोकसभेत २५३ विरुद्ध २१८ असं मतदान होऊन विषय मिटला. अटी बऱ्याच होत्या. किमान १० कोटी डॉलर आणायचे, त्यातले निम्मे गोदामं, शीतगृहं अशा मागच्या व्यवस्थेत घालायचे, ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची आणि अंतिम होकार राज्याने द्यायचा. महाराष्ट्राने होकार दिला होता. १० लाखांची अट ऑगस्ट २०१३ मध्ये सैल झाली, राज्याला वाटलं तर लहान शहरही चालेल असं ठरलं. म्हणजे सोलापूरचं ते कवच वर्षभरही टिकलं नाही, आणि ते गळून पडल्याची चर्चा झालेली मला आठवत नाही.

पण खरा गुंता त्याआधीचा आहे आणि तो ‘घाऊक’ या शब्दात आहे. परदेशी कंपनीला घाऊक धंद्यात १०० टक्के मालकी १९९७ पासून परवानगीने मिळत होती, २००६ पासून परवानगीचीही गरज उरली नाही. रोख द्या, माल घेऊन जा, या पद्धतीची पहिली परदेशी घाऊक दुकानं २००३ मध्ये बंगळूरला निघाली. ती दिसायला मोठ्या किरकोळ दुकानासारखीच, तशाच फळ्या, तशाच गाड्या. फरक फक्त दाराशी. आत जायला सभासदाचं कार्ड लागायचं आणि कार्डासाठी धंद्याचा पुरावा. कायद्याच्या लेखी घाऊक की किरकोळ हे ठरतं घेणारा कोण त्यावर, किती घेतलं त्यावर नाही. गुमास्ता परवाना असलेला एखादा शिंपी कार्डावर घरच्यासाठी दोन किलो तूरडाळ घेऊन आला, तर कागदावर ती विक्रीही घाऊकच दिसायची.

याच्या उलट दृश्य सोलापुरात पाहायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी सवलतीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जावं. हे दुकान देशी, धंदा किरकोळ, दार सगळ्यांना उघडं. तेलाच्या फळीवर पाटी: ‘एका ग्राहकास ४ नग’. ही पाटी घरच्या गिऱ्हाइकासाठी नाही, कोण घरी चारपेक्षा जास्त पुडे नेतं? ती आहे पूर्व भागातल्या छोट्या दुकानदारासाठी. तो बायको आणि मुलाला वेगवेगळ्या रांगेत उभं करतो, तिघांचे मिळून १२ पुडे रिक्षात टाकतो आणि संध्याकाळी छापील किमतीला विकतो. एकदा अशाच एका दुकानदाराला मी विचारलं, एजन्सीचा, म्हणजे कंपनीच्या वितरकाचा माणूस दारात येतो तरी इथे रांगेत का? तो म्हणाला, “मालक, एजन्सीच्या भावापेक्षा इथला फळीचा भाव कमी आहे की ओ.” कायद्याने जे किरकोळ, ते त्याच्यासाठी घाऊक. २०१२ चा सगळा वाद या दोन शब्दांत भिंत आहे असं धरून झाला. ती भिंत रिक्षावाल्यालाही दिसली नाही.

फळीचा भाव कमी कसा पडतो, यासाठी एमआरपी समजून घ्यावी लागते. पूर्वी पाकिटावर किंमत छापून पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहायची सोय होती. जकातीच्या शहरात तो ‘वेगळा’ किती, हे दुकानदार सांगेल ते. १९९० मध्ये नियम बदलले आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणं आलं. गिऱ्हाइकाला संरक्षण हा हेतू, आणि तो बऱ्यापैकी साधलाही. पण हा आकडा सरकार ठरवत नाही, कंपनीच ठरवते. सवलत मोजली जाते ती याच आकड्यापासून. समजा, १०० रुपये छापलेलं पाकीट एजन्सीकडून दुकानदाराला ९१ ला पडतं. मोठ्या दुकानाच्या फळीवर ते ८८ ला. दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला ९८ ला देतो, दोन रुपये सोडतो, आणि तरीही लुबाडणारा ठरतो. बाजारात घासाघीस व्हायची तेव्हा भाव दोघांच्या बोलण्यातून ठरायचा. आता तुलना पाकिटावरच्या छापाशी आहे आणि तिथे छोट्या दुकानदाराला बोलायला जागाच नाही.

देशी सवलत-साखळीचं गणित तसं साधं आहे. जागा शक्यतो विकत घ्यायची, म्हणजे भाडं नाही. मालाचे प्रकार थोडे ठेवायचे, फिरते ठेवायचे. पुरवठादाराला महिनाभर लटकवण्याऐवजी आठ-दहा दिवसांत पैसे द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. ढोबळ नफा १५ टक्क्यांच्या आसपास राहिला तरी खूष. मुंबईच्या पवईत २००२ मध्ये पहिलं दुकान काढलेल्या एका साखळीने हे इतकं नेटाने केलं, की मार्च २०१७ मध्ये तिचा २९९ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी ६०४ ला उघडला. परदेशी गुंतवणुकीच्या अटींचा अशा साखळीशी संबंध नव्हता. शहराची वस्ती ९ लाख असो की ४ लाख, तिला विचारणारं कुणी नव्हतं. उलट परदेशी किरकोळचं दार इतका दंगा करून उघडलं आणि त्यातून आत आली एकच मोठी ब्रिटिश कंपनी, तीही एका भारतीय समूहाशी निम्मी भागी करून. घाऊकमधली एक फ्रेंच साखळी तर २०१४ मध्ये दुकानं बंद करून निघून गेली. व्यापारी वेशीवर पहारा देत बसले आणि पाहुणा घरच्याच परसदारातून आला.

करांनी मधे दोन वर्षं थोडा हात दिला. जकात जाऊन आलेल्या एलबीटीविरुद्ध, म्हणजे स्थानिक संस्था कराविरुद्ध, राज्यभर दुकानं बंद ठेवून झाली होती. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. म्हणजे कर मोठ्यांना, छोटे सुटले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा फरक पुसला गेला. त्याच डिसेंबरपासून राज्यात दुकानांचा नवा कायदा लागू झाला, १० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवायची मुभा मिळाली. मोठ्या दुकानात कामगार पाळीने सुट्टी घेतो, दुकान सुट्टी घेत नाही. ज्या दुकानात मालक हाच कामगार, त्याने सुट्टी घेतली तर कुलूप.

रोजगार अजिबात मिळाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. हद्दवाढ भागातल्या बारावी झालेल्या मुलामुलींना बिलिंगवर, फळ्या भरायला कामं मिळाली. पाळी ठरलेली, पगार बँकेत. कंत्राटदारामार्फत लागलेल्यांचं उभं राहून पाय दुखणं आणि सणाला रजा न मिळणं हेही त्यातच आलं. किराणा दुकानातल्या पोऱ्याला यातलं काहीच नव्हतं, ना ठरलेली पाळी, ना बँक.

मला जास्त टोचतं ते सवलत कुणाला मिळते हे. महिन्याला पगार, गाडी आणि घरी साठवायला कपाट असेल तर एकदम पाच किलोची पिशवी घेऊन १२ टक्के वाचवता येतात. विडी वळणाऱ्या बाईला हप्त्याला दीडपाव लागतं, तेही अर्धं उधार. मोठं दुकान उधार देत नाही, दीडपावही देत नाही. ती पुडीवरची पूर्ण किंमत मोजते. आणि तिच्या दुकानदाराकडे आता नुसती तिच्यासारखीच गिऱ्हाइकं उरली आहेत. रोखीने मोठी यादी घेणारे शिक्षक, बँकवाले तिकडे गेले. त्यांच्या रोख पैशांवर तो इकडची उधारी पेलायचा. वही तीच राहिली, तिला पेलणारा गल्ला हलका झाला.

एक माल मात्र अजून फळीवर तसा चढलेला नाही: ज्वारी. मंगळवेढ्याची मालदांडी हातावर घेऊन, दाणा दाताखाली फोडून घेणारी माणसं अजून भुसार दुकानात जातात, वर्षाची पोती भरून ठेवतात. पाकिटातून दाणा चावून बघता येत नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत लढाईची जागा बदलली. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनीच काही बड्या कंपन्यांच्या मालावर बहिष्कार टाकला. तक्रार अशी, की मोबाइलवरून दुकानदाराला थेट माल पुरवणाऱ्यांना कंपन्या आमच्यापेक्षा कमी भाव लावतात. एजन्सीवाल्यावर तीच वेळ आली जी आधी दुकानदारावर आली होती. बंगळूरला पहिलं घाऊक दुकान काढणाऱ्या परदेशी कंपनीने २०२३ मध्ये आपला इथला धंदा एका देशी समूहाला २,८५० कोटींना विकला. परदेशी गुंतवणुकीच्या नियमात मात्र २०११ चाच आकडा आहे. पुढची जनगणना २०२७ ला ठरली आहे, त्यात सोलापूर १० लाख ओलांडेल असं बहुतेकांना वाटतं. तोवर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेलाच्या फळीपाशी ती पाटी बघायला हरकत नाही. मागच्या वेळी गेलो तेव्हा ४ खोडून २ केलेलं होतं.