मेल सर्व्हरची दरमर्यादा आणि विश्वासू यंत्रांना मिळालेली सूट

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या दस्तऐवजात एसएमटीपीचे, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना ईमेल सोपवण्याच्या पद्धतीचे, नियम मांडले, तेव्हा एका यंत्राने दुसऱ्याला मिनिटाला किती पत्रे द्यावीत हा प्रश्नच नव्हता. दाराशी आलेले पत्र घ्यावे आणि पुढे पोचते करावे, असा तो शेजारधर्म होता. स्पॅम वाढल्यावर तो आवरता घेणे भाग पडले. मेल सर्व्हर चालवणाऱ्या सेंडमेल या सॉफ्टवेअरच्या १९९८ च्या ८.९ आवृत्तीत परक्यांची पत्रे पुढे पाठवणे मुळातच बंद ठेवण्यात आले, आणि ही मुभा कोणाला द्यायची याची यादी सांभाळणे हे प्रशासकाचे नित्याचे काम झाले.

वेगाचा प्रश्न नंतरचा. २००३ मधील सोबिग-एफ आणि २००४ मधील मायडूम या वर्म्सनी, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅम्सनी, घरगुती संगणकांतून पत्रांचे लोंढे सोडले, तेव्हा नुसती परवानगी तपासून भागेनासे झाले. २००४ च्या सेंडमेल ८.१३ मध्ये प्रत्येक आयपी पत्त्यामागे, म्हणजे यंत्राच्या इंटरनेटवरील क्रमांकामागे, जोडण्यांचा दर ठरवता येऊ लागला. मर्यादेच्या जागी शून्य लिहिले की त्या पत्त्याला सूट. पुढच्याच वर्षी व्हीत्से व्हेनेमा यांच्या पोस्टफिक्स या दुसऱ्या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या २.२ आवृत्तीत ‘ॲनव्हिल’ ही मोजदाद ठेवणारी सेवा आली.

ॲनव्हिल मोजते ते आयपी पत्ते, माणसे नव्हेत. त्यामुळे शेकडो कर्मचाऱ्यांची पत्रे एकट्याने पाठवणारा वेबमेल सर्व्हर, किंवा मुख्य सर्व्हर बंद असताना साठलेली पत्रे तो सुरू होताच एकदम सोपवणारा राखीव सर्व्हर, तिला हल्लेखोरासारखाच दिसतो. ही मर्यादा गैरवापर रोखण्यासाठी आहे, रास्त टपालाचे नियमन करण्यासाठी नाही, असा स्पष्ट इशारा पोस्टफिक्सच्या दस्तऐवजांतच दिलेला आहे. सूट ठेवण्यामागचे कारणही तेच.

मात्र सूट कोणाला, यासाठी पोस्टफिक्सने मूळ मूल्य (प्रशासकाने काही न लिहिल्यास लागू होणारे) म्हणून ‘मायनेटवर्क्स’ ही आधीचीच यादी घेतली, म्हणजे ज्यांना पत्रे पुढे पाठवण्याची मुभा तेच वेगाच्या बंधनातूनही मोकळे. हे सोयीचे होते, पण माझ्या मते थोडे घाईचेही, कारण ‘पाठवू द्यावे’ आणि ‘कितीही पाठवू द्यावे’ हे दोन वेगळे विश्वास आहेत. त्यातच ३.० आवृत्तीपूर्वी त्या यादीत, प्रशासकाने काही न लिहिल्यास, सर्व्हरचे संपूर्ण सबनेट, म्हणजे लगतच्या पत्त्यांचा सगळा गट, येत असे. भाड्याच्या सर्व्हरवर शेजारची अनोळखी यंत्रेही त्यात बसत. २०१५ मध्ये ३.० ने हे मूळ मूल्य फक्त स्वतःच्या यंत्रापुरते आखडले. सवलतीची यादी वेगळी लिहिण्याची सोय २.२ पासूनच आहे, पण ती न वापरल्यास विश्वासू यंत्रावरील संकेतस्थळाचा संपर्क-फॉर्म कोणी ताब्यात घेतला तरी ॲनव्हिल त्याला अडवत नाही.