चिलापी की काळुंदर? रंग नको, पोटाखालचे काटे बघा

बेळगावच्या बाजारात मासळी दोन बाजूंनी येते. गोव्याकडून घाट चढून खाडीची आणि समुद्राची, तर घटप्रभा, मलप्रभा, कृष्णेच्या खोऱ्यांतून गोड्या पाण्याची. या दोन वाटांनी येणारे दोन मासे, काळुंदर आणि चिलापी, बर्फात पडून रंग उतरला की जाणत्या गिऱ्हाइकालाही चकवतात. चिलापीला कुणी तिलापिया म्हणतं, कानडी विक्रेते जिलेबी म्हणतात.

दोघंही सिक्लिड कुळातले, म्हणून हे साम्य वरवरचं नाही. चपटं उभट अंग, पाठभर काटेरी पर आणि नाकपुडी दोन्ही बाजूंना एकेकच. रोहू-कटल्याला ती प्रत्येक बाजूला दोन असतात. पण एवढ्यावरून फक्त कूळ कळतं.

जात ओळखायची तर मासा उलटा करा. पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे जो पर असतो, त्यात चिलापीला टणक काटे तीनच. काळुंदरला बारा-तेरा. डोकं कापलेलं असो की रंग गेलेला असो, ही खूण पक्की. बोट मात्र जपून फिरवा, काटे टोचतात.

ताजा काळुंदर हिरवट करडा, अंगावर उभे गडद पट्टे आणि खवल्यांवर मोत्यासारखे पांढरे ठिपके. पट्ट्यांवर विसंबू नका, कोवळ्या चिलापीलाही ते असतात. आपल्याकडे चिलापीच्या दोन जाती आहेत. मोझांबिक जातीचा नर विणीच्या वेळी जवळजवळ काळा होतो, गळा पांढरा, परांच्या कडा लाल. नाईल जातीच्या शेपटीवर बारीक उभ्या रेघा दिसतात.

खानापूर तालुक्यात पाणी दोन दिशांना वाटलं जातं. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीजवळच्या धरणाकडे जाते, म्हादई पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. काळुंदर त्या पश्चिमेच्या टोकाचा, नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यातला. गोड्या पाण्यातही तो तगतो, पण मूळ ठिकाण खाडी. तो अस्सल इथला. केरळात त्याला करीमीन म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यमासा आहे. चिलापी मूळची आफ्रिकेची. मोझांबिक जात भारतात १९५२ साली आणली गेली. तिला संथ पाणी मानवतं, धरणाचं फुगलेलं पाणी असो की गावतळं.

खरा फरक पिल्लं वाढवण्यात आहे, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. काळुंदरची जोडी बुडालेल्या दगडाला, ओंडक्याला अंडी चिकटवते. नर-मादी दोघंही राखण करतात, परांनी पाणी हलतं ठेवतात, पुढे पिल्लांचा थवाही सांभाळतात. चिलापीचा नर तळाच्या चिखलात खड्डा उकरतो. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. पिल्लं पोहायला लागली तरी धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात. या दिवसांत तिचं खाणं जवळजवळ बंद असतं.

तोंडातली अंडी दुसऱ्या माशांना मिळत नाहीत. त्यात दाटी झाली की चिलापी दोन-तीन महिन्यांची, अगदी लहान असतानाच विते. मग तळंभर खुरटी चिलापी होते आणि शेवाळ, गाळ, दुसऱ्या माशांची अंडी, जे मिळेल ते खाते. म्हणून शेततळ्यात पाळायची तर फक्त नर पिल्लं सोडतात, आणि विहिरीत किंवा ओढ्यात ती सोडूच नये. गंमत म्हणजे खुद्द आफ्रिकेत मोझांबिक जात धोक्यात आहे, नाईल जातीशी संकर होत असल्यामुळे.

चिलापी खायला वाईट नाही, तिच्या भावात ती जरूर घ्यावी. पण काळुंदर म्हणून घेत असाल तर मासा अख्खा असतानाच उलटा करून बघा. साफ करताना विक्रेता पर आधी छाटतो, आणि मग मोजायला काटेच उरत नाहीत.