पळताना डोक्याचं काय करायचं? माईंडफुल रनिंगची पार्श्वभूमी

आज रनिंग करणाऱ्यांमध्ये "हेडफोन काढ, शरीराकडे लक्ष दे" असं सांगणारं कोणीतरी भेटतंच, यालाच माईंडफुल रनिंग म्हणतात. पण हा सल्ला पळण्याच्या जगात रुजला तो गेल्या पन्नासेक वर्षांत, आणि सुरुवातीला त्याचा आनंदाशी फारसा संबंधच नव्हता, सगळा विषय स्पीडचा होता.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉनचं गोल्ड मारलं आणि अमेरिकेत पळण्याची लाट आली. हौशी लोकही मॅरेथॉनला उभे राहायला लागले, आणि मग प्रश्न आला की एवढे तास डोक्याचं काय करायचं. विल्यम मॉर्गन नावाच्या सायकॉलॉजिस्टने मायकेल पोलॉकसोबत रनर्सना नेमकं हेच विचारलं, पेपर आला १९७७ मध्ये. साधे रनर्स काय काय करायचे बघा, कोणी मनातल्या मनात घर बांधायचं, कोणी पहिलीपासूनची सगळी शाळा क्रमाने आठवत बसायचं, म्हणजे दुखतंय तिकडे लक्ष जायलाच नको. टॉपचे रनर्सही असंच करत असतील असा अंदाज होता, निघालं उलटंच. ते सतत अंगाची खबर घेत होते, पोटऱ्या कशा आहेत, मांड्या कशा आहेत, श्वास कसा चाललाय, आणि स्वतःलाच बजावत होते की सैल सोड, आवळू नको. पेससुद्धा त्यावरच ठरायचा. याला नाव पडलं असोसिएशन, आणि घर बांधणाऱ्यांच्या पद्धतीला डिसोसिएशन. मला विचाराल तर आजच्या माईंडफुल रनिंगचं खरं मूळ इथे आहे, ध्यानाच्या शिबिरात नाही.

अर्थात माईंडफुलनेसची, म्हणजे आत्ता जे होतंय ते नुसतं जाणत राहायची, पद्धत आली ती बौद्ध परंपरेतूनच. सतिपट्ठान सुत्त या बुद्धाच्या उपदेशात श्वासाकडे लक्ष देण्यासोबत चालण्याकडे लक्ष देणंही आहे, चालतोय तर चालतोय हे जाणायचं, बस. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलमध्ये धार्मिक भाग बाजूला ठेवून हे शिकवायला सुरुवात केली, त्यातून आठ आठवड्यांचा कोर्स तयार झाला, आणि सुरुवातीचे बरेच पेशंट जुनाट दुखण्याचे होते. दुखणं वेगळं आणि "बाप रे, हे असंच चालू राहणार" ही मनातली बडबड वेगळी, हे ओळखायचं. लाँग रनच्या शेवटच्या टप्प्यात ज्याने स्वतःशी भांडण केलंय त्याला हे वेगळं समजवायला नको! १९८४ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ऑलिंपिक रोइंग टीमलाही ध्यान शिकवलं. आणि योगायोग असा की त्याच १९७९ मध्ये चालता-फिरता हेडफोनवर गाणी ऐकायचा सोनीचा वॉकमन बाजारात आला, म्हणजे शरीराकडे वळायची आणि शरीरापासून पळायची सोय एकाच वर्षी झाली. रनर्सनी आधी कुठली उचलली हे सांगायला नको.

ध्यान आणि पळणं थेट जोडणारेही होतेच. न्यूयॉर्कमध्ये श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंनी सुरू केलेली ३१०० मैलांची रेस १९९७ पासून चालू आहे, क्वीन्समधल्या एकाच ब्लॉकभोवती, एक फेरी ०.५४८८ मैलांची, अशा ५६४९ फेऱ्या ५२ दिवसांत. मनोरंजन म्हणून बघायला तिथे काहीही नाही, तोच फुटपाथ, तेच कोपरे.

पण "श्वासाकडे बघ" हा सल्ला वाटतो तितका सरळ नाही. लिंडा श्युकर यांच्या टीमने २००९ मध्ये ट्रेडमिलवर बघितलं तर श्वासावर किंवा पाय कसे पडतायत यावर लक्ष ठेवलं की त्याच स्पीडला ऑक्सिजन जास्त लागत होता, बाहेर समोर बघितलं की कमी. कारण साधं असावं, आपोआप चालणाऱ्या गोष्टीत आपण लक्ष घातलं की नकळत ढवळाढवळही करतो. पुढच्या कामात शरीर एकूण कसं वाटतंय याकडे लक्ष दिल्यावर तेवढं नुकसान दिसलं नाही. म्हणजे नोंद घेणं चालतं, कंट्रोल करायला गेलं की महाग पडतं. फ्रँक गार्डनर आणि झेला मूर यांनी २००० नंतर खेळाडूंसाठी जी पद्धत मांडली तीही याच्या जवळ जाणारी, वाईट विचार हाकलत बसू नका, थकवा आलाय तर आलाय म्हणा आणि हातातलं काम चालू ठेवा. फॉर्म, म्हणजे पळण्याची ढब, सुधारायचा असेल, पावलं मोजायची असतील, तर त्यासाठी वेगळा छोटा रन ठेवलेला बरा, लाँग रनमध्ये ते घुसवलं की मजाही जाते आणि दमही.